बाल्सा किटपासून रेडिओ-नियंत्रित विमान बांधणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुढील उत्तरे एका विशिष्ट प्रकारच्या विमानाला धरून लिहिली आहेत : सुमारे दीड मीटर पंखविस्ताराचे, उंचावर पंख असलेले, चार चॅनलचे (रेडिओवरून चार गोष्टी स्वतंत्रपणे हाताळता येणारे), विजेच्या मोटरवर चालणारे आणि लेझरने कापलेल्या बाल्सा (अतिशय हलके लाकूड) व लाइट प्लाय (हलके प्लायवुड) यांच्या भागांपासून बांधायचे शिकाऊ विमान. ग्लायडर, जेट किंवा पेट्रोल इंजिनाची मोठी विमाने यांचे गणित निराळे असते.

तयार फोमचे विमान मिळत असताना किट बांधण्याचा खटाटोप कशासाठी?

केवळ उडवायला शिकायचे असेल, तर फोमचेच विमान घ्यावे. ते आपटले तरी बऱ्याचदा मैदानावरच चिकटवता येते, आणि शिकताना विमान आपटणारच. बाल्साचे विमान बांधणाऱ्याला मात्र विमान का उडते आणि का बिघडते हे हाताला कळत जाते, आणि तुटलेला कोणताही भाग तो स्वतः करू शकतो. शिवाय त्याच आकाराच्या फोमच्या पंखापेक्षा नीट बांधलेला बाल्साचा पंख ताठ असतो आणि वाऱ्यात कमी पिळतो. माझ्या मते दोन्ही गोष्टी एकाच वेळी कराव्यात : रविवारी फोमच्या विमानावर हात बसवावा आणि आठवड्यातील संध्याकाळी टेबलावर बाल्सा जोडावा. रोज दोन तास दिले तरी पहिल्या बांधणीला दीड-दोन महिने धरून चालावे.

पहिले किट निवडताना काय पाहावे?

पंख धडाच्या वर असावा, त्याचा खालचा पृष्ठभाग सपाट असावा आणि त्याला डायहेड्रल, म्हणजे दोन्ही टोकांना थोडी उचल, असावी. सपाट तळाचा पंख टेबलावर आपोआप सरळ बांधला जातो आणि डायहेड्रलमुळे एका बाजूला कललेले विमान पुन्हा सावरते. यानंतर पंखभार, म्हणजे पंखाच्या क्षेत्रफळामागे येणारे वजन, पाहावा. दीड मीटर विस्तार आणि 23 सेंटिमीटर रुंदी म्हणजे साडेचौतीस चौरस डेसिमीटर क्षेत्रफळ झाले. विमान दीड किलोत बसले, तर प्रत्येक चौरस डेसिमीटरवर सुमारे 43 ग्रॅम येतात, आणि शिकाऊ विमानाला हा आकडा उत्तम आहे. हेच विमान गोंद आणि रंग यांच्या हौसेपायी 1.9 किलोवर गेले, तर आकडा 55 होतो, उतरण्याचा वेग वाढतो आणि चुका सावरायला मिळणारा वेळ घटतो. दुसऱ्या महायुद्धातील स्पिटफायर किंवा मस्टँगचे किट दुकानात कितीही खुणावत असले, तरी ते दुसऱ्या किंवा तिसऱ्या बांधणीसाठी ठेवावे.

किटमध्ये काय मिळते आणि काय वेगळे घ्यावे लागते?

किटमध्ये लाकडी भाग, पूर्ण आकाराचा आराखडा, सूचनापुस्तिका आणि बहुधा चाकांची तार, कंट्रोल हॉर्न व पुशरॉड (पंख-शेपटाचे हलते भाग फिरवणारे छोटे हात आणि दांड्या) यांसारखे सुटे सामान असते. मोटर, स्पीड कंट्रोलर (मोटरचा वेग ठरवणारे उपकरण), बॅटरी, चार्जर, प्रोपेलर, सर्वो (हलते भाग फिरवणाऱ्या छोट्या मोटरी), रेडिओ संच, आवरणाची फिल्म आणि गोंद हे सर्व वेगळे घ्यावे लागते. खर्चाचा अंदाज बांधताना बरेच जण केवळ किटची किंमत पाहतात आणि तिथेच फसतात. रेडिओ आणि चार्जर मात्र पुढच्या अनेक विमानांना चालतात, म्हणून त्यांत काटकसर करू नये. लिथियम बॅटऱ्यांच्या हवाई वाहतुकीवर कडक निर्बंध असल्याने, किट परदेशातून मागवले तरी बॅटरी देशातच घेणे सोयीचे पडते.

कोणती हत्यारे आणि किती जागा लागते?

पंखाचा अर्धा भाग पूर्ण मावेल एवढा, म्हणजे किमान एक मीटर लांबीचा सपाट पाट लागतो. फ्लश डोअरचा जुना पल्ला याला फार चांगला. त्यावर टाचण्या सहज रुततील असा सॉफ्ट बोर्ड टाकावा, त्यावर आराखडा पसरावा आणि आराखड्यावर पातळ प्लॅस्टिक अंथरावे, म्हणजे गोंद कागदाला धरणार नाही. पाट खरोखर सपाट आहे का, हे लांब पोलादी पट्टी आडवी, उभी आणि तिरपी ठेवून पाहावे, कारण पाटाला असलेला पीळ जसाच्या तसा पंखात उतरतो. याखेरीज धारदार कटर आणि भरपूर पाती, गुण्या, भरपूर टाचण्या, स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटा आणि सपाट ठोकळ्यावर चिकटवलेला 120 व 240 नंबरचा पॉलिश पेपर पुरेसा आहे. घासताना मास्क अवश्य लावावा. बाल्साची धूळ अतिशय बारीक असते आणि पंख्याखाली ती सगळ्या खोलीभर होते.

बाल्साच्या सगळ्या पट्ट्या सारख्याच असतात ना?

मुळीच नसतात, आणि किटचा डबा उघडल्यावर पहिली संध्याकाळ लाकूड निवडण्यातच घालवावी. बाल्सा मुख्यतः इक्वेडोरमधून येतो. झाड फार झपाट्याने वाढते आणि एकाच झाडातल्या लाकडाचीही घनता बदलते. मॉडेलसाठी वापरला जाणारा बाल्सा घनमीटरला साधारण 100 ते 200 किलो भरतो. सागवान सुमारे 650 भरते. म्हणजे एकाच मापाच्या दोन पट्ट्यांत एक दुसरीच्या दुप्पट जड असू शकते, आणि लेझरने कापणाऱ्या यंत्राला त्याचे सोयरसुतक नसते.

प्रत्येक पट्टीचे वजन करून तिच्यावर पेन्सिलने लिहावे. पट्ट्यांचे एक टोक टेबलाच्या कडेवर दाबून धरून दुसरे टोक बोटाने सारख्याच जोराने खाली लोटले, की कोणती ताठ आणि कोणती लवचीक हे लगेच समजते. सर्वांत ताठ आणि एकमेकींशी जुळणाऱ्या पट्ट्या पंखाच्या स्पारसाठी, म्हणजे पंखाच्या लांबीभर जाणाऱ्या मुख्य दांड्यांसाठी, राखाव्यात. डाव्या आणि उजव्या पंखाला सारख्याच ताकदीची जोडी जावी. सर्वांत हलके लाकूड शेपटाला द्यावे.

पातळ फळ्यांच्या बाबतीत रेषाही पाहावी लागते. ज्या फळीवर लांब, सरळ रेषा दिसतात ती आडवी सहज वळते. पंखाच्या पुढच्या गोलाईवर चढवायला तीच घ्यावी. ज्या फळीवर चमकदार ठिपक्यांची नक्षी दिसते ती वळवली की मोडते, पण अतिशय ताठ असते. रिबसाठी, म्हणजे पंखाला आकार देणाऱ्या फासळ्यांसाठी, आणि सपाट शेपटासाठी ती योग्य. एखादा भाग जड किंवा पिळलेला निघाला, तर त्याच आकाराचा दुसरा कापून घेण्यात अजिबात कमीपणा नाही.

गोंद कोणता वापरावा?

एकच गोंद सगळीकडे चालत नाही. पातळ सायनोअ‍ॅक्रिलेट, म्हणजे आपल्याकडे सरसकट ज्याला फेविक्विक म्हणतात त्या जातीचा गोंद, घट्ट बसलेल्या सांध्यात स्वतःहून शिरतो आणि काही सेकंदांत धरतो. सांध्यात फट असेल, तर मात्र तो निरुपयोगी ठरतो. फट गोंदाने न भरता तिथे बाल्साची चकती सरकवावी. हा गोंद हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतो, त्यामुळे कोकणात पावसाळ्यात उघडी बाटली लवकर निकामी होते. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुडीसोबत ती ठेवावी. सुती कापडावर किंवा कापसावर तो सांडल्यास इतकी उष्णता निर्माण होते की धूर निघू शकतो, म्हणून सांडलेला गोंद सुती फडक्याने पुसू नये. त्याची वाफ डोळ्यांना झोंबते. खिडकी उघडी ठेवावी आणि तोंड सांध्यावर नेऊ नये.

सुतारकामाचा पांढरा गोंद संथ आहे, आणि नवशिक्याला तोच अधिक उपकारक आहे, कारण भाग सरळ करायला वेळ मिळतो. त्यातले पाणी उडून गेल्यावर वजनही फारसे उरत नाही. टाचण्या मात्र रात्रभर काढू नयेत. इपॉक्सी तीनच ठिकाणी वापरावे : मोटर जिथे बसते ती फायरवॉल, पंखाचे दोन भाग जोडणारी प्लायची पट्टी आणि चाकांच्या तारेचा ठोकळा. येथे पाच मिनिटांत घट्ट होणारे घेऊ नये. तीस मिनिटांचे लाकडात खोलवर मुरते. इपॉक्सीतले काहीही उडून जात नाही, जेवढे लावाल तेवढे वजन कायमचे राहते, म्हणून सांध्याबाहेर आलेले लगेच आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्यावे.

पंख बांधताना सर्वांत जास्त काळजी कशाची घ्यावी?

पीळ न येण्याची. बाकीच्या चुका उडताना ट्रिमने, म्हणजे रेडिओवरून दिलेल्या बारीक दुरुस्तीने, झाकता येतात. पिळलेला पंख विमानाला विशेषतः कमी वेगात, म्हणजे नेमके उतरताना, एका बाजूला लोळवतो.

खालचा स्पार आराखड्यावर टाचण्यांनी बसवावा. टाचणी स्पारच्या आरपार न घालता त्याच्या दोन्ही बाजूंनी तिरपी रोवावी, म्हणजे लाकूड चिरत नाही. रिब एकेक करून गुण्या लावून उभ्या कराव्यात आणि आधी सगळा सांगाडा गोंदाशिवाय कोरडा जुळवून पाहावा. वरचा स्पार खाचांत सैलसर पण डुगडुगणार नाही असा बसला पाहिजे; ठोकून बसवावा लागत असेल, तर खाच एकदोनदा घासावी, अन्यथा तो रिबना बाजूला लोटत राहतो.

त्यानंतर शिअर वेब, म्हणजे वरच्या आणि खालच्या स्पारमधल्या चौकोनी चकत्या. नवख्या मंडळींना या चकत्या किरकोळ वाटतात. उडताना पंख वर वाकतो, तेव्हा वरचा स्पार दाबला जातो आणि खालचा ताणला जातो. दोघांना एकमेकांवरून सरकू न देण्याचे आणि दोघांमधले अंतर कायम ठेवण्याचे काम या चकत्यांचे असते. म्हणून त्यांच्या रेषा उभ्याच असल्या पाहिजेत. आडव्या रेषांची चकती भार आल्यावर रेषेवरच फाटते, आणि मग एवढ्या निगुतीने निवडलेले स्पारही एका गोत्यात मोडतात. चकती दोन रिबांमध्ये चपखल बसावी आणि तिचे चारही काठ चिकटावेत.

पंख पाटावरून उचलण्याची घाई करू नये. शक्य असेल, तर पुढच्या भागावरची फळीसुद्धा पंख पाटावर टाचलेला असतानाच चढवावी, कारण ही फळी बसली की पंखाची नळी तयार होते आणि तेव्हा जो पीळ असेल तो कायमचा होतो. तपासणी सोपी आहे : पंखाचा अर्धा भाग सपाट पाटावर ठेवावा आणि टोकाशी मागची कड किती उचलली जाते ते पाहावे. 23 सेंटिमीटर रुंदीला 4 मिलिमीटर उचल म्हणजे एक अंश पीळ. काही आराखड्यांत दोन्ही टोकांना असा एक-दोन अंशांचा पीळ मुद्दाम दिलेला असतो, म्हणजे पंखाचे टोक आधी स्टॉल होत नाही, त्याची विमानाला वर धरण्याची ताकद आधी संपत नाही. दोन्ही बाजूंना सारखा असेल तर तो गुण आहे, एकाच बाजूला असेल तर दोष.

आमच्या किटची फायरवॉल वाकडी कापली आहे. ती सरळ करावी का?

करू नये. ती बहुधा मुद्दामच उजवीकडे आणि खाली कललेली असते. प्रोपेलरच्या फिरण्याने आणि त्याच्या गोलाकार झोताने विमान डावीकडे ओढले जाते, तर जादा ताकद दिल्यावर उंच पंखाचे विमान नाक वर करू पाहते. दोन-तीन अंशांचा कल या दोन्ही सवयी कमी करतो. साठ मिलिमीटर रुंद फायरवॉलमध्ये दोन अंश म्हणजे जेमतेम दोन मिलिमीटरचा फरक, त्यामुळे तो कापणीतला दोष आहे असा समज सहज होतो आणि पॉलिश पेपर हाती घेतला जातो. घासण्याआधी आराखड्यावरचे वरून आणि बाजूने काढलेले चित्र पाहावे.

पंख आणि शेपूट एकमेकांना काटकोनात आहेत हे कसे तपासावे?

न ताणणारा दोरा घ्यावा. धडाच्या शेवटच्या टोकाच्या बरोबर मध्यावर टाचणी रोवावी आणि तिथपासून पंखाच्या दोन्ही टोकांपर्यंतचे अंतर मोजावे; फरक दोन मिलिमीटरच्या आत असावा. पंख पक्का झाल्यावर पंखाच्या मध्यापासून आडव्या शेपटाच्या दोन्ही टोकांपर्यंत हेच करावे. मग विमान आठ-दहा फुटांवर ठेवून मागून, डोळे त्याच्या पातळीवर आणून पाहावे : पंख आणि आडवे शेपूट समांतर दिसले पाहिजेत. हे सर्व फिल्म चढवण्याआधी, कोरड्या जुळणीतच तपासायचे असते. आडवे शेपूट चिकटवताना त्या जागेवर फिल्म येऊ देऊ नये, लाकडाला लाकूडच चिकटले पाहिजे.

फिल्मला सुरकुत्या पडतात. उपाय काय?

सुरकुत्यांपेक्षा खालच्या लाकडाकडे आधी लक्ष द्यावे. घासण्यात राहिलेला प्रत्येक उंचवटा फिल्ममधून दिसतो. छोट्या इस्त्रीने आधी कडा चिकटवाव्यात, मग कमी-अधिक उष्णतेने मधला भाग आकसून घ्यावा. तापमान फिल्मच्या कंपनीने दिलेलेच ठेवावे, अंदाजाने वाढवू नये. पंखाची खालची बाजू आधी आणि वरची नंतर मढवावी, म्हणजे सांधा वरून दिसत नाही. आकसणारी फिल्म हलक्या पंखाला पीळ देऊ शकते, त्यामुळे मढवून झाल्यावर पाटावरची तपासणी पुन्हा करावी. पीळ आला असेल, तर पंख हाताने उलट दिशेला पिळून धरावा, दुसऱ्याकडून दोन्ही बाजूंना उष्णता द्यावी आणि थंड होईपर्यंत तसाच धरावा. रंगसंगतीत वरची आणि खालची बाजू ठळकपणे वेगळी ठेवावी. शंभर मीटरवर सुंदर नक्षी दिसत नाही, विमान सरळ आहे की उलटे एवढेच कळावे लागते.

मोटर आणि बॅटरी कशी ठरवावी?

शिकाऊ विमानाला किलोमागे 150 ते 200 वॅट पुरतात. दीड किलोला 300 वॅट धरले, तर तीन सेलच्या, म्हणजे 11.1 व्होल्टच्या लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरीतून सुमारे 27 अँपिअर ओढले जातील. 40 अँपिअरचा स्पीड कंट्रोलर घ्यावा, म्हणजे तो तापणार नाही. प्रोपेलरचा आकार मोटरच्या तक्त्यातून घ्यावा आणि वॅटमीटरने खात्री करावी. 2200 मिलिअँपिअर-तासांची बॅटरी चार्ज करताना प्रवाह 2.2 अँपिअरपेक्षा जास्त ठेवू नये. पूर्ण भरलेला सेल 4.2 व्होल्टचा असतो. 3 व्होल्टखाली गेला की तो खराब होतो, म्हणून ऐंशी टक्के वापर झाला की उतरावे. फुगलेली बॅटरी पुन्हा चार्ज करू नये, चार्जिंग चालू असताना घर सोडू नये आणि मे महिन्यात बंद गाडीत बॅटरी ठेवू नये.

सर्वो आणि रेडिओ जोडताना नेमके काय तपासायचे?

हल्लीचे संच 2.4 गिगाहर्ट्‌झवर चालतात, त्यामुळे पूर्वीसारखी मैदानावर क्रिस्टलची (रेडिओची लहर ठरवणाऱ्या सुट्या भागाची) वाटणी करावी लागत नाही. घरात सेटिंग करताना प्रोपेलर काढूनच ठेवावा. यात सवलत नाही. विमानाच्या मागे उभे राहून हातातल्या ट्रान्समीटरची काठी उजवीकडे न्यावी : उजवा एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेचा हलता भाग) वर गेला पाहिजे, डावा खाली. उलटे जोडलेले एलेरॉन हे तयारीतल्या घाईचे नेहमीचे लक्षण आहे आणि ते जमिनीवरच पकडता येते. सिग्नल तुटल्यास मोटर बंद होईल असा फेलसेफ लावावा आणि विमान घट्ट धरून ट्रान्समीटर बंद करून तो तपासावा. प्रत्येक बिजागर हाताने खेचून पाहावे. जे हातात येते ते हवेतही आलेच असते.

गुरुत्वमध्य चुकला तर काय होते?

नाक जड असेल, तर विमान सुस्त वागते आणि वेगाने उतरते, पण ताब्यात राहते. शेपूट जड असेल, तर ते हाताबाहेर जाते. शिकाऊ विमानाचा गुरुत्वमध्य सहसा पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या 25 ते 33 टक्क्यांदरम्यान येतो. 23 सेंटिमीटर रुंदीला तो पावणेसहा ते साडेसात सेंटिमीटरच्या पट्ट्यात पडतो. आराखड्यावरची खूण प्रमाण मानावी, आणि पहिल्या उड्डाणाला तिच्या किंचित पुढेच राहावे.

बॅटरीसह, उडायला पूर्ण तयार असलेले विमान पंखाखाली दोन बोटांवर तोलावे. शेपूट खाली जात असेल, तर आधी बॅटरी पुढे सरकवावी, शिसे सर्वांत शेवटी लावावे. शेपटाकडे हलके लाकूड का द्यायचे, याचे उत्तर येथे मिळते : गुरुत्वमध्यापासून 80 सेंटिमीटर मागे गोंदाचे 10 ग्रॅम जास्त पडले, तर 25 सेंटिमीटर पुढे नाकात 32 ग्रॅम घालावे लागतात. म्हणजे निष्काळजीपणाच्या दहा ग्रॅमचे बेचाळीस होतात. तोल आडव्या दिशेनेही पाहावा. नाक आणि शेपूट धरून उचलल्यावर एकच पंख झुकत असेल, तर हलक्या टोकाला थोडे वजन लावावे.

उडवण्यासाठी परवानगी लागते का?

भारतात 25 ऑगस्ट 2021 रोजी अधिसूचित झालेले ड्रोन नियम विमानाच्या मॉडेललाही लागू आहेत. शिक्षण, संशोधन किंवा करमणुकीसाठी नजरेच्या टप्प्यात उडवलेले, 25 किलोपर्यंतचे यान त्यांत मॉडेल म्हणून ओळखले जाते आणि त्याला टाइप सर्टिफिकेट (त्या नमुन्याचे सरकारी प्रमाणपत्र) लागत नाही. दोन किलोपर्यंतचे विमान व्यवसायासाठी वापरायचे नसेल, तर पायलटचा परवानाही लागत नाही. यामुळे कुठेही उडवता येते असे मात्र नाही. डिजिटल स्काय या सरकारी ऑनलाइन मंचावरच्या नकाशात हिरव्या क्षेत्रात 400 फुटांपर्यंत मुभा असते. चालू विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात ती 200 फुटांवर येते. पुण्याच्या लोहगावला हवाई दलाचा तळ आहे, त्यामुळे शहराच्या आसपास मैदान शोधणाऱ्याने नकाशा आधी पाहावा. मुंबईत पोलिसांचे मनाई आदेशही वेळोवेळी निघतात. नियमांत दुरुस्त्या होत असल्याने नोंदणीसंबंधीची त्या वेळची तरतूद स्वतः वाचावी. एनसीसीच्या हवाई शाखेत एरोमॉडेलिंग शिकवले जाते. घरात कोणी कॅडेट असेल, तर मार्गदर्शक शोधणे सोपे जाईल.

पहिले उड्डाण कधी आणि कसे करावे?

हिवाळ्यातली सकाळ, मंद वारा, पीक निघालेले रान आणि शेतमालकाची परवानगी. शेजारी उभा ऊस असलेली जागा टाळावी. उसात गेलेले विमान दहा फुटांवरूनही दिसत नाही. ती टाळता येत नसेल, तर विमानात आवाज करणारा शोधक बसवावा. घारी मॉडेलवर झेपावतात, त्या घिरट्या घालत असतील तर थांबावे. संक्रांतीच्या आसपास मांज्याचा विचार करावा. पहिले उड्डाण अनुभवी व्यक्तीच्या हातून करून घ्यावे. ट्रिम बसवून तिने ट्रान्समीटर उंचीवर आपल्या हाती द्यावा, आणि तोवर संगणकावरच्या सिम्युलेटरवर विमान आपल्याकडे तोंड करून येत असताना डावे-उजवे उलटे होण्याची सवय झालेली असावी.

पावसाळ्यात विमान कसे ठेवावे?

पंख धडापासून सोडवून, आडवा आणि सर्व लांबीभर टेकेल असा ठेवावा. भिंतीला टेकवून उभा केलेला पंख चार महिन्यांत वाकतो. लाकूड ओलावा धरते आणि फिल्म सैल पडते, ती ऑक्टोबरात इस्त्रीने पुन्हा ताणता येते, पण त्यानंतर पिळाची तपासणी करावी. बॅटऱ्या पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकाम्या ठेवू नयेत. प्रत्येक सेल 3.8 व्होल्टवर आणून ठेवावा.

विमान आपटले. दुरुस्त करावे की नवे बांधावे?

सर्व तुकडे, अगदी बोटाएवढेसुद्धा, पिशवीत गोळा करून आणावेत, कारण मोडलेल्या दोन कडा एकमेकींत बसल्या की मूळ लांबी आपोआप मिळते. बॅटरी आधी काढून वाळूच्या बादलीत किंवा मोकळ्या जागी ठेवावी आणि काही तास लक्ष ठेवावे. रिब, कडा आणि शेपूट यांची दुरुस्ती सहज होते. स्पार मोडला असेल, तर सरळ जोड न देता दोन्ही टोके तिरपी कापावीत, उताराची लांबी जाडीच्या आठ-दहा पट ठेवावी, चिकटवून दोन्ही बाजूंनी पातळ प्लायची पट्टी लावावी आणि शिअर वेब नवे घालावेत. पंख मध्यावरच, जोडपट्टीजवळ, मोडला असेल, तर त्यावर वेळ घालवू नये. आराखडा जपून ठेवलेला असतोच, त्यावर नवा पंख बांधावा आणि धड, शेपूट व यंत्रणा तीच वापरावी. फायरवॉल मात्र वरून धड दिसली, तरी तिचा सांधा आतून टॉर्चने पाहिल्याशिवाय मोटर पुन्हा सुरू करू नये.